आधी पेन्सिल, मग पेन

आमच्या गल्लीत अजूनही कुणी ना कुणी सांगतं, की आपाने एका इंग्रजी शब्दापायी इरफानचा व्हिसा घालवला. घालवला, खरं आहे. मी साक्षीदार आहे. आपाच्या आणि माझ्या गाळ्यांमध्ये एकच प्लायवूडची भिंत होती आणि पलीकडची शिंकसुद्धा अलीकडे ऐकू यायची. पण त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. लोकांना गोष्ट अर्धीच बरी वाटते, निकाल लवकर देता येतो. म्हणून मी ती पूर्ण सांगायला बसलोय. पटो न पटो.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यावर पिवळी पत्र्याची पाटी होती, ‘होडेकर टायपिंग इन्स्टिट्यूट’. इन्स्टिट्यूट कसली, एका खोलीत तीन टाइपरायटर आणि त्यातले दोन मुके. पण एके काळी इथल्या सरकारी कचेऱ्यांतले निम्मे क्लार्क याच खोलीतून बोटं बडवून बाहेर पडलेत. आपाचं नाव सईदा होडेकर. मुंबईत बंदराकडच्या एका ऑफिसात ती कितीतरी वर्षं टायपिस्ट होती. आईवडील थकले म्हणून परत आली ती कायमची. लग्न केलं नाही. पुढे कॉम्प्युटर आले, टायपिंगचे वर्ग बसले, तेव्हा तिने रागारागाने एक कॉम्प्युटर घेतला आणि अर्ज, करार, शपथपत्रं, गल्फला जाणाऱ्यांचे कागद असं सगळं करायला लागली.

बारकीशी बाई. साडीचा पदर डोक्यावर, चष्म्याला काळा दोरा, आणि पदराखालच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. दूध घातलेल्या चहाला ती चहा म्हणत नसे. कोरा, लिंबू पिळलेला, तोच खरा. तिला माझ्याकडून काही हवं असलं की ती लाकडी पट्टीने प्लायवूडवर वाजवायची. दोनदा वाजवलं म्हणजे झेरॉक्स, तीनदा वाजवलं म्हणजे चहा. एकदाच वाजवलं तर मी मोबाईलवर मोठ्याने बोलतोय असा अर्थ.

तिच्याकडे काम टाकणं ही शिक्षा होती, हे मी आधीच सांगतो. मी स्वतः भोगलेली आहे. दुकान घेतलं तेव्हा गाळामालकाने इंग्रजीतला करार हातात ठेवला आणि मी ऐटीत तो आपाकडे नेला. नीट टाइप करून द्या, म्हटलं. तिने समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

“बस. वाच.”

“आपा, मला घाई आहे.”

“घाई हाय तर मालकाला पाठव. सही तो करणार, की तू?”

मी वाचलं. इंग्रजी मला बऱ्यापैकी येतं असा माझा समज होता. ती म्हणाली, आता हाच परिच्छेद मराठीत सांग, तुझ्या बायकोला सांगतोस तसा. मी सांगायला लागलो आणि तिसऱ्याच ओळीत अडखळलो. करार कोण, कधी आणि किती दिवसांची नोटीस देऊन संपवू शकतो ते मला सांगता येईना. आपाने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि त्या शब्दाभोवती गोल केला. असे सात गोल झाले. दोन तास गेले. सातवा गोल सुटला तेव्हा कळलं, की मालक मला आठ दिवसांत बाहेर काढू शकत होता आणि मी मात्र तीन वर्षं हलू शकत नव्हतो. ते बदलून घेतलं तेव्हाच तिने करार टाइप केला. उपकार मानायचे सोडून मी महिनाभर तिच्यावर चिडलेलो होतो. आपला अडाणीपणा पेन्सिलीने गोल करून दाखवलेला कुणाला आवडतो?

हाच तिचा नेम. ज्याला वाचता येत नसे त्याला ती वाचून दाखवायची, पण अर्थ त्याने आपल्या तोंडाने सांगायचा. जो शब्द सांगता आला नाही त्याला पेन्सिलीचा गोल. मग तिची ती जाडजूड डिक्शनरी निघायची. पुठ्ठा सुटलेला, मासेमारीच्या जाळ्याच्या निळ्या दोरीने बांधलेली. शब्द उघडायचा, त्याचं मूळ, त्याचं कूळ, तो कुठून आला, कुठे वापरतात, कुठे वापरू नये. समोरचा माणूस जांभया द्यायचा. सगळं समजलं की गोल पुसायचा आणि मगच सहीला पेन द्यायचं. “आधी पेन्सिल, मग पेन,” हे तिचं पालुपद. आणि ज्याच्यासाठी शब्द शोधला त्याचं नाव आणि गाव ती डिक्शनरीत त्या शब्दाच्या शेजारी, समासात लिहून ठेवायची. एका पानावर खेडचा ड्रायव्हर, दुसऱ्यावर पोफळीच्या कॉलनीतली विधवा. माझंही नाव सात ठिकाणी आहे. इंग्रजांनी बनवलेल्या त्या पुस्तकात आमचा अर्धा जिल्हा राहायला आला होता.

पलीकडच्या रस्त्यावर पाच मिनिटांत काम करून देणारे होते. घाईची गिऱ्हाइकं तिकडे जायची. आपा म्हणायची, जाऊ देत, जायला पाय आहेत त्यांना.

ज्या शब्दाची ही गोष्ट, तो माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो शिमग्यात. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर तेव्हा एक नवं रिसॉर्ट झालं होतं आणि त्याचा मॅनेजर घाटावरचा, तरुण, गळ्यात ओळखपत्र. चौदा नोटिसा टाइप करून हव्या होत्या. चौदा वेटर आणि माळी सोमवारपासून ‘ॲब्सकाँडिंग’ आहेत, तीन दिवसांत हजर व्हा, नाहीतर काढून टाकू.

आपाने त्याला स्टुलावर बसवलं. “सांगा. या शब्दाचा अर्थ?”

“मॅडम, न सांगता गैरहजर. एचआरमध्ये हाच शब्द वापरतात. सगळीकडे.”

“सगळीकडे चुकतंय मग.” डिक्शनरी उघडली. “लॅटिनातून आलाय. मूळ अर्थ लपवून ठेवणं, नजरेआड करणं. जो गुन्हा करून किंवा कुणाला बुडवून दडून बसतो, त्याच्यासाठी. आपला फरार. तुमची माणसं कुठे दडलीत?”

“तेच तर माहीत नाही ना.”

“मला माहीत हाय. तुमचा माळी गुहागरला, त्याच्या घरी. दोन वेटर संगमेश्वराकडचे, तेही घरी. शिमगा हाय. गावदेवाची पालखी घरात येणार आणि घरातला माणूस घरात नाय, असं इथे होत नाय. अहो, वर्षातून या चार दिवसांत तर तो नक्की कुठे सापडेल ते आख्ख्या जिल्ह्याला ठाऊक असतं. आणि त्यालाच तुम्ही लपलेला म्हणता?”

मॅनेजर म्हणाला, मॅडम, शब्दात काय आहे, पत्र जाऊ दे. आपा म्हणाली, ‘ॲबसेंट’ लिहिते. त्याचा अर्थ नुसता दूर असणं. दूर आहेत, कबूल. रजा दिली नव्हती, तेही लिहिते. पण लपले असं माझ्या मशीनवर लिहिलं जाणार नाही. तो तणतणत उठून गेला. मी इकडे कपाळावर हात मारून घेतला, कारण चौदा नोटिसांच्या प्रत्येकी तीन प्रती माझ्या हातच्या गेल्या. आपाने पट्टी तीनदा वाजवली. चहा पिताना म्हणाली, “फरार आणि गैरहजर, दोन्ही शब्द अरबस्तानाकडूनच आले, विलास. एकाच समुद्रावरनं. पण लोकांनी ते दोन वेगळे ठेवले, कारण दोन वेगळी माणसं असतात ती.” मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं.

मग इरफान आला. नाटे गावचा पोरगा, तिशीतला, बोटीच्या इंजिनाचा मिस्त्री. सहा वर्षं गल्फमध्ये एका वर्कशॉपला होता. बाप गेला म्हणून रीतसर रजा घेऊन गावी आला आणि इथे त्याला कावीळ झाली. दोन महिने अंथरुणात. त्याने फोरमनला फोन केले, डॉक्टरचे कागद मोबाईलवर पाठवले, फोरमनने बरं म्हटलं. आणि कंपनीने त्याच्या नावापुढे ‘ॲब्सकाँडेड’ टाकून ठेवलं. आता त्याच देशात दुसऱ्या कंपनीचं काम मिळत होतं, पण हा शिक्का असेपर्यंत व्हिसा पुढे सरकत नव्हता. एजंटने मार्ग काढला. जुन्या कंपनीला माफीपत्र लिहायचं, ‘मी घरगुती अडचणीमुळे ॲब्सकाँड झालो होतो, माझी चूक झाली, क्षमा असावी.’ मग ते शिक्का उठवतील. दहा दिवसांची मुदत होती. घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली, आणि कमावणारा हा एकटा.

तो स्टुलावर बसला, आपाने वाचायला लावलं, आणि त्या शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल पडला. तो तिने इतका दाबून काढला की टोक तुटल्याचा आवाज मला इकडे आला.

“तू लपलास काय?”

“नाय, आपा.”

“फोन बंद ठेवलास?”

“नाय. रोज फोन करी होतो.”

“मग हे कोण लिहितंय तुझ्या नावाने?”

इरफानबरोबर एजंट आला होता, मुनाफशेट. अत्तराचा वास प्लायवूडमधून माझ्यापर्यंत येत होता. तो हसत म्हणाला, “आपा, एका शब्दाने काय होतं?”

“काही होत नसेल तर काढून टाक.”

“काढून कसं चालेल? कंपनीला तोच हवा.”

“म्हणजे काहीतरी होतं.”

मुनाफशेटचं हसू थांबलं. म्हणाला, आपा, तुमचं वय झालं, जग कसं चालतं तुम्हाला माहीत नाही, पोराचं नुकसान कराल. आपा म्हणाली, जग कसं चालतं ते चाळीस वर्षं टाइप करतेय मी, आणि हा कागद माझ्याकडे होणार नाही. इरफान, तुझ्याकडे रजेचा कागद आहे, डॉक्टरचे कागद आहेत, फोनवरचे मेसेज आहेत. मी पत्र लिहिते, की हा माणूस आजारी होता, गैरहजर होता, तुम्हाला माहीत होतं, तेव्हा तुमचा शब्द तुम्ही मागे घ्या. माफी मागायचीच असेल तर त्यांनी मागावी.

दोघं उठले. आणि पाच मिनिटांनी इरफान माझ्या दुकानात उभा होता, हातात एजंटचा मसुदा. “भाऊ, तुमच्याकडे कॉम्प्युटर हाय ना. येवढाच करून द्या.”

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागतं आणि ते मला आवडत नाही. मी करून दिलं. मनात म्हटलं, आपाचं हट्टाने काय जातंय, पोराचं घर चालायला हवं. प्लायवूडपलीकडे सगळं ऐकू जातंय हे माहीत असून मी टाइप केलं, शक्य तितक्या हळू कळा दाबत. प्रिंट काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं.

इरफानने पेन घेतलं नाही. त्याने कागद उचलला. ओठ हलत होते, वाचत होता. मग म्हणाला, “भाऊ, पेन्सिल हाय?”

मी दिली. त्याने माझ्या काउंटरवर कागद ठेवला आणि त्या शब्दाभोवती स्वतः गोल काढला. वेडावाकडा. “ह्या मला घरी आईला सांगता येणार नाय,” म्हणाला. “माजा बाप गेला आणि मी लपून बसलो, असा कसा सांगू?” आणि कागद घेऊन परत पलीकडे गेला.

आपाने पट्टी तीनदा वाजवली. मी चहा घेऊन गेलो, मान खाली घालून. मला वाटलं आता ती माझी हजेरी घेणार. पण तिने कपाटातून एक पत्र्याची नळी काढली आणि तिच्यातून एक जुनी वही. जुन्या खलाशांच्या नोंदवहीला इकडे नळीच म्हणतात. अशी गुंडाळून नळीत ठेवायचे म्हणून. वहीबरोबर एक कार्बनची प्रत होती, घडीवर फाटलेली.

“माझ्या अब्बांची,” ती म्हणाली.

तिचे वडील बोटीवर आग्वाले होते, इंजिनखोलीत भट्टीला कोळसा घालणारे. एका परक्या बंदरात त्यांना ताप भरला आणि कप्तानाने त्यांना किनाऱ्यावरच्या इस्पितळात टाकलं. बोट निघून गेली. दीड वर्षाने ते दुसऱ्या कुठल्यातरी बोटीवरून परत आले, अर्धे होऊन. तोवर नळीत तोच शब्द लिहिला गेला होता. मुंबईच्या ऑफिसातल्या बाबूने सांगितलं, चाचा, फक्त एक माफीनामा द्या, मग परत बोटीवर घेतील, नुसती पद्धत आहे. त्यांनी अंगठा दिला. ही कार्बनची प्रत त्याचीच. त्यानंतर त्यांना एकाही बोटीने बोलावलं नाही, कारण पळालो म्हणून त्यांनीच लिहून दिलं होतं. गावात लोक म्हणायचे, होडेकराने तिकडे दुसरं घर केलं होतं. बापाचं नावच ‘फरारी होडेकर’ पडलं. मशिदीत जातानासुद्धा ते मागच्या दाराने जायचे.

“मी तेव्हा नववीला. शाळेत बक्षीस मिळालेली ही डिक्शनरी. अब्बा बोलले, बेटा, काय लिवलाय या कागदावर, वाच जरा. मी शब्द शोधला. आणि त्यांना खरा अर्थ सांगितला.” आपाने चष्मा काढून पदराने पुसला. “बोलले, पण मी तर खाटेवर होतो. लपलो कुठे? मरेपर्यंत मधूनच बोलायचे. लपलो कुठे, सईदा?”

तिने डिक्शनरी उघडली. त्या शब्दाच्या शेजारी समासात पेन्सिलीने, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, ‘अब्बा’. पुसट झालं होतं. त्या पानावर दुसरं कुणाचंच नाव नव्हतं.

“पेन्सिलीने का लिहिलंत?” मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“पुसायचं होतं म्हणून.”

तिथेच बसून तिने इरफानचं पत्र केलं. एक पानी. आजाराची तारीख, रजेची तारीख, फोनच्या तारखा, आणि शेवटी एकच वाक्य, की मी कोणापासून लपलो नव्हतो, तो शब्द काढावा. इरफानने ते मराठीत घडाघडा सांगितलं, एकाही ठिकाणी न अडखळता, आणि पेनने सही केली. एक प्रत कंपनीला, एक वकिलातीला, एक नव्या कंपनीला.

दहा दिवस झाले. काही आलं नाही. व्हिसाची मुदत संपली.

त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. इरफानची आई नाट्याहून एसटीने आली. आपाच्या दारात उभी राहिली आणि आत न येता बोलली, “तुमच्या त्या पुस्तकाने माझ्या नातींचा पोट भरणार काय?”

आपा उठून उभी राहिली. “नाय भरणार,” म्हणाली. बस्स, एवढंच. दुसरं काही तिच्याकडे नव्हतं आणि खोटं ती बोलणार नव्हती. म्हातारी रडत परत गेली. मुनाफशेटने गावोगाव सांगितलं, की होडेकरबाईकडे गेलात तर गल्फ विसरा. गल्फची गिऱ्हाइकं तुटलीच. शेजारच्या खोलीतून पुरे आठ दिवस पट्टीचा आवाज आला नाही. नवव्या दिवशी मीच चहा घेऊन गेलो. ती खिडकीकडे बघत बसली होती.

“विलास, माझं चुकलं असेल तर?”

तिने प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली असं पहिल्यांदाच होत होतं. मी म्हटलं, “आपा, शेवटचा गोल तुम्ही नाही काढलात. माझ्या दुकानात, माझ्या पेन्सिलीने त्याने काढला. मी बघितलाय.” ती चहा प्यायली.

आणि मग सुरू झाला तिचा खरा हट्ट. दर महिन्याच्या एक तारखेला तेच पत्र, नव्या तारखेने, कंपनीला. इरफान तोवर मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करत होता. दिवसभर ग्रीसमध्ये, पण एक तारखेला हात धुऊन सहीला हजर. प्रत्येक वेळी ती त्याला स्टुलावर बसवून पत्र मराठीत सांगायला लावायची. चौथ्या महिन्यापासून त्याच्याबरोबर मलाही ते पाठ झालं. मी म्हणायचो, आपा, तिकडे कोण वाचतंय? ती म्हणायची, वाचत नसतील तर फेकायला तरी उचलत असतील ना, तेवढ्या वेळात एखादी ओळ डोळ्यात जाते.

आठव्या पत्राला उत्तर आलं. चार ओळी. वैद्यकीय कारणास्तव गैरहजर, अशी नोंद दुरुस्त केली आहे. आधीचा शब्द सर्वसाधारण प्रथेनुसार वापरला होता. इरफानने तो कागद माझ्या काउंटरवर तीनदा वाचला आणि मग मोबाईलवर आईला, मराठीत, सावकाश सांगितला. तिकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आपाने मात्र ‘सर्वसाधारण प्रथा’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि त्याच दुपारी कंपनीला नववं पत्र टाकलं, की ही प्रथा बंद करावी. त्याला उत्तर आलं नाही. मुनाफशेट मग स्वतः नवीन काम घेऊन इरफानकडे गेला. इरफान त्याला म्हणाला, “बघतो. जायचा की नाय ता आता मी ठरवीन.” तो अजून मिरकरवाड्यातच आहे, स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलंय. गल्लीतले लोक हे सांगायला विसरतात.

शेवटचं जे सांगायचंय ते आपा जाण्याच्या पंधरा दिवस आधीचं. त्याच्याही महिनाभर आधी तिने प्लायवूडवर दोनदा वाजवलं होतं. झेरॉक्स. मी गेलो तर टेबलावर अब्बांची नळी, कार्बनची प्रत आणि जुन्या टाइपरायटरवर टाइप केलेलं एक पत्र. मुंबईतल्या त्या बोटीच्या कंपनीला. आपल्या जहाजावरील आग्वाले होडेकर आजारी होते, इस्पितळात होते, आपल्याच कप्तानाने त्यांना तिथे ठेवले होते, तरी त्यांच्या नावापुढचा शब्द काढावा. सही, सईदा होडेकर, मुलगी.

“आपा, ती कंपनी कधीच बंद झाली.”

“कंपनी बंद झाली. शब्द चालू हाय.”

मी प्रती काढून दिल्या. ती स्वतः पोस्टात चालत गेली, रजिस्टर करून आली. तेव्हा तिला चार पावलांवर धाप लागत होती आणि मी रिक्षा आणतो म्हटलं तर पट्टी उगारली.

महिन्याभराने पाकीट परत आलं. नेमका मी तिच्या स्टुलावर बसलो होतो. पाकिटावर मुंबईच्या पोस्टमनने इंग्रजीत शेरा मारला होता. आपाने चष्मा नीट केला, वाचला, आणि हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला. पाकीट माझ्यापुढे केलं.

“वाच. मराठीत सांग.”

मी वाचलं. “कंपनी इथून निघून गेली. नवीन पत्ता ठेवलेला नाही.”

“म्हणजे शोधायला गेलं तर?”

“सापडणार नाही.”

“का?”

मला समजलं. पण तिच्याकडे समजून भागत नसे, तोंडाने सांगावं लागे. “दडून बसलीय, आपा.”

“डिक्शनरी दे.”

मी निळी दोरी सोडून दिली. तिने ते पान बरोबर काढलं, हाताला सवयच होती. टेबलाच्या खणातून खोडरबर घेतला आणि पेन्सिलीतला तो ‘अब्बा’ पुसला, सावकाश, कागद फाटू नये म्हणून डाव्या हाताने पान धरून. मग पेन काढलं. त्या शब्दाच्या शेजारी शाईने कंपनीचं नाव लिहिलं, पत्त्यासकट. आणि तिथून दोन बोटं खाली, जिथे ‘ॲबसेंट’ होता आणि ‘इरफान, नाटे’ लिहिलेलं होतं, त्याच्या वर थोडी जागा होती, तिथे शाईनेच लिहिलं, ‘अब्बा’. त्या दोन शब्दांमध्ये आणखी एकच शब्द होता. तेवढं अंतर जायला त्या माणसाला आख्खं आयुष्य पुरलं नव्हतं.

शाई वाळेपर्यंत तिने पान मिटलं नाही. मग पेनाला टोपण लावलं, पट्टी उचलली, आणि मी तिच्या समोरच बसलेला असताना प्लायवूडवर तीनदा वाजवलं.